कोहा ग्रंथालय प्रणाली: तालुक्याच्या वाचनालयातून केलेले परीक्षण

आमचे वाचनालय तालुक्याच्या गावी आहे. ते शासनमान्य, ‘अ’ वर्गातले आणि सुमारे २२ हजार ग्रंथांचे आहे. काम करणारे आम्ही पाच जण आहोत: ग्रंथपाल म्हणून मी, सहायक ग्रंथपाल बाई, निवृत्तीला तीन वर्षे राहिलेले लिपिक काका, निर्गम सहायक म्हणून काउंटर सांभाळणारी एक तरुणी आणि शिपाई. गेली दीड वर्षे आम्ही देवघेव, सभासद नोंदणी आणि तालिका (ग्रंथांची सूची) ही तिन्ही कामे कोहा या प्रणालीवर करीत आहोत. संगणकीकरणाच्या उंबरठ्यावर असलेल्या इतर वाचनालयांतील सहकाऱ्यांकडून वारंवार विचारणा होते, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो: कोहा घ्यावे, परंतु शिकण्यासाठी राखून ठेवलेल्या वेळेपैकी तीन चतुर्थांश वेळ पडद्यावरची बटणे शिकण्यात न घालवता पुस्तकाची नोंद कशी करायची हे ठरवण्यात घालवावा. आम्ही नेमके उलट केले आणि त्याची किंमत मोजली.

कोहा ही मुक्त स्रोत, म्हणजे कोणालाही घेऊन वापरता आणि बदलता येणारी, प्रणाली आहे. १९९९ साली न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी संगणक प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नाही अशी भीती निर्माण झाली, तेव्हा त्यांनी कटिपो कम्युनिकेशन्स या कंपनीकडून नवी प्रणाली बनवून घेतली आणि ती सर्वांसाठी खुली केली. जानेवारी २००० मध्ये ती तेथे प्रत्यक्ष चालू झाली. ‘कोहा’ हा माओरी भाषेतला शब्द आहे. त्याचा अर्थ भेट असा सांगतात, पण त्या भेटीत परतफेडीची अपेक्षाही गृहीत असते, त्यामुळे आपल्याकडचा ‘आहेर’ हा शब्द मला अधिक जवळचा वाटतो. ज्या घरून आहेर आला त्या घरी कार्य निघाले की आपणही काहीतरी घेऊन जातो. कोहाचे संगणकतज्ज्ञ, अनुवादक आणि ग्रंथपाल जगभरातून तसेच काहीबाही देत राहतात आणि दर सहा महिन्यांनी, मे आणि नोव्हेंबरमध्ये, नवी आवृत्ती निघते.

फुकट असण्याविषयी मात्र कार्यकारी मंडळाला नीट समजावून सांगावे लागते. परवान्याचे पैसे लागत नाहीत हे खरे. परंतु ही प्रणाली लिनक्सवर चालते, तिला एक स्वतंत्र यंत्र किंवा भाड्याचा सर्व्हर लागतो, बारकोड वाचक लागतो आणि अडचण आली की हाक मारता येईल असा एक माहीतगार माणूस लागतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ‘ई-ग्रंथालय’ आणि विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या संस्थेचे ‘सोल’ हे दोन देशी पर्याय आमच्यासमोर होते. त्यातले सोल मुख्यतः विद्यापीठे आणि महाविद्यालये यांचा विचार करून बनवलेले आहे. कोहा निवडण्याचे आमचे कारण साधे होते: उद्या सेवा पुरवणारा बदलला तरी आमच्या नोंदी ‘मार्क’ या ग्रंथनोंदींच्या सर्वमान्य साच्यात आमच्याच हाती राहणार होत्या. हे कारण पुढे किती खरे ठरले ते ओघात येईलच.

आता शिकण्याविषयी. पहिले प्रशिक्षण आम्ही एका सेवा पुरवठादाराकडून पैसे मोजून घेतले. दोन दिवस, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, एका प्रोजेक्टरसमोर आम्ही पाच जण बसलो आणि प्रशिक्षकाने ॲक्विझिशनपासून (ग्रंथखरेदी) सिरियल्सपर्यंत (नियतकालिके) सर्व विभाग एका दमात दाखवले. तिसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडले तेव्हा आमच्यापैकी एकालाही पुस्तक परत कसे घ्यायचे ते आठवत नव्हते. पुढे त्या पुरवठादाराने फोन उचलणेही बंद केले. इतर गावांतूनही असेच अनुभव ऐकू येतात, त्यामुळे दोष एकट्याचा नसावा. दोन दिवसांत सगळे शिकवून टाकायचे हा प्रकारच ग्रंथालयाच्या कामाला मानवत नाही.

त्यानंतर आम्ही दोन आधार शोधले. पहिला म्हणजे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पातली कोहावरील पाठांची मालिका. प्रत्येक पाठ थोडक्यात आटोपतो, पडद्याच्या अर्ध्या भागात पाठ चालू ठेवायचा आणि उरलेल्या अर्ध्या भागात तीच कृती स्वतः करून पाहायची अशी त्याची रीत आहे, आणि ही रीत संगणकाला बिचकणाऱ्या माणसाला फार उपयोगी पडते, कारण पाठ थांबवता येतो आणि कोणी आपल्याकडे पाहत नसते. दुसरा आधार जरा दूरचा होता. २००६ साली अमेरिकेतील शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलेन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी ‘२३ गोष्टी’ नावाचा उपक्रम आखला होता. त्यात ऑनलाइन साधनांचे २३ छोटे तुकडे करून प्रत्येकाने आपापल्या सवडीने एकेक करून पाहायचा होता आणि सगळे पूर्ण करणाऱ्याला एमपी-३ प्लेअर बक्षीस होता. आम्ही ती कल्पना उचलली, फक्त गोष्टी आमच्या कामाच्या ठेवल्या: आज एक सभासद नोंदवायचा, उद्या एक पुस्तक नूतनीकरण करून द्यायचे, परवा हरवलेल्या पुस्तकाची खूण करायची. बक्षीस म्हणजे शनिवारी संध्याकाळी भजी आणि चहा. महिनाभरात काउंटर कोहावर आले.

काउंटरपुरते बोलायचे तर कोहात कठीण काही नाही. ऑल्ट आणि यू दाबले की पुस्तक देण्याची चौकट येते, ऑल्ट आणि आर दाबले की परत घेण्याची, आणि बारकोड वाचकाचा एक ‘टीक्’ आवाज झाला की काम संपते. आमच्या काकांनी ३५ वर्षे कार्डे लावली आहेत. पहिले दोन आठवडे ते बारकोड वाचल्यावरही दाखल क्रमांक (पुस्तकाचा नोंदवहीतला क्रमांक) तोंडाने म्हणत असत आणि पडद्यावर तोच आकडा आला की समाधानाने मान हलवीत असत. त्या सवयीने एकदा चांगलाच उपयोग झाला: दोन पुस्तकांवर चुकून एकाच क्रमांकाची चिकटपट्टी लागल्याचे त्यांच्याच लक्षात आले, कारण त्या क्रमांकाचे पुस्तक निळ्या पुठ्ठ्याचे असले पाहिजे हे त्यांना ठाऊक होते.

खरी कसोटी तालिकेत लागली. मराठी पुस्तकांची तयार नोंद फारशी मिळत नाही. कोहामध्ये झेड ३९.५० या पद्धतीने जगातील मोठ्या ग्रंथालयांच्या नोंदी ओढून घेता येतात, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्लीत कार्यालय असल्यामुळे तेथे मराठी पुस्तकेही बरीच सापडतात. पण शीर्षक बहुधा रोमन लिपीत, अक्षरांवर रेघा आणि खाली टिंबे देऊन लिहिलेले येते. विद्यापीठातल्या अभ्यासकाला ते चालेल; आमच्याकडे ‘व्यंकटेश’ शोधणाऱ्या आजोबांना ते काय कामाचे? जुन्या पुस्तकांना तर आयएसबीएन हा आंतरराष्ट्रीय पुस्तक क्रमांकच नाही. म्हणजे बावीस हजारांपैकी बहुतेक नोंदी आम्हालाच देवनागरीत टंकित कराव्या लागणार हे उघड झाले आणि तेथून आमचे शिक्षण सुरू झाले.

एक प्रसंग तपशिलात सांगण्यासारखा आहे. सहायक ग्रंथपाल बाईंनी एक कादंबरी नोंदवली, तिच्या शीर्षकात ‘दुसऱ्या’ हा शब्द होता. आठवडाभराने काउंटरवरच्या मुलीने तोच शब्द टंकित करून शोधले तर पुस्तक सापडेना. दोघींनी एकमेकींचे शुद्धलेखन तपासले, ते अगदी सारखे होते. शेवटी कळले की बाई इनस्क्रिप्ट कळफलक वापरत होत्या, ज्यात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर उमटते, आणि मुलगी मोबाइलसारख्या ध्वन्यानुसारी कळफलकावर टंकित करीत होती, ज्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक सांधणारे चिन्ह असे तीन घटक पडत होते. माणसाच्या डोळ्यांना दोन्ही एकच, यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. हाच घोळ ‘ॲ’ या अक्षराचा आहे: एका पद्धतीत ते एकच अक्षर असते, दुसऱ्या पद्धतीत ‘अ’वर चंद्र चढवून बनवलेले असते. ‘कादंबऱ्या’, ‘नोकऱ्या’, ‘ॲटलास’ असे शब्द आमच्या तालिकेत दोन-दोन रूपांत बसलेले आढळले तेव्हा तीन हजार नोंदी होऊन गेल्या होत्या.

याला कोहा दोषी नाही, आणि दुरुस्तीचे हत्यारही कोहातच आहे. मार्क नोंदींत सामूहिक बदल करण्यासाठी एक साचा लिहिता येतो, त्यात ‘हे अक्षर दिसेल तेथे ते घाल’ असे सांगून शेकडो नोंदी एका वेळी सुधारता येतात. पण ते हत्यार चालवायला आम्हाला दोन महिने लागले. त्याआधी भिंतीवर एक कागद चिकटवणे पुरेसे झाले असते. तो कागद आता आहे: सर्वांनी इनस्क्रिप्टच वापरावा, लेखकाच्या आद्याक्षरानंतर टिंब आणि टिंबानंतर एक जागा सोडावी, आडनाव आधी लिहून स्वल्पविराम द्यावा. काकांनी मराठी टंकलेखनाची परीक्षा रेमिंग्टन या जुन्या टंकयंत्राच्या पद्धतीने दिलेली असल्यामुळे त्यांच्या बोटांना इनस्क्रिप्ट शिकणे जड गेले. त्यांच्यासाठी आम्ही कळांवर अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या आणि त्यांच्याकडे नवीन नोंदींऐवजी सभासदांचे काम सोपवले.

दुसरी तांत्रिक गोष्ट इतकी महत्त्वाची आहे की प्रणाली बसवून घेतानाच ती लेखी मागून घ्यावी. कोहामधला शोध झेब्रा नावाच्या यंत्रणेवर चालतो आणि तिची मूळ मांडणी रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे. देवनागरी शोध धड चालण्यासाठी तिला आयसीयू ही युनिकोडची (सर्व लिप्यांच्या सामाईक संगणकीय संकेतांची) यंत्रणा जोडावी लागते आणि त्यानंतर संपूर्ण सूची नव्याने बांधून घ्यावी लागते. आमच्याकडे ही जोडणी झालेलीच नव्हती. सहा महिने आम्ही ‘शोध नीट येत नाही’ म्हणून स्वतःच्या नोंदींना दोष देत होतो. शेजारच्या जिल्ह्यातील एका महाविद्यालयीन ग्रंथपालांनी संध्याकाळी दोन तास देऊन ते करून दिले आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर आनंदीआनंद झाला.

लेखकांच्या नावांचा विषय निघाला म्हणून अधिकृत नामनोंदीबद्दल लिहितो, कारण कोहाचा हा भाग मला सर्वांत आवडतो. एकाच व्यक्तीची निरनिराळी नावे एकमेकांना जोडून ठेवण्याची सोय त्यात आहे. आमच्याकडे २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन साजरा होतो. त्या दिवशी कोणी कुसुमाग्रजांच्या कविता मागतो तर कोणी वि. वा. शिरवाडकरांची नाटके, आणि दोन्ही एकाच माणसाची आहेत हे नव्या वाचकाला माहीत असतेच असे नाही. पूर्वी ही जोडणी सहायक ग्रंथपाल बाईंच्या डोक्यात होती. आता ती तालिकेत आहे. एका नावाने शोधले की दुसऱ्या नावाकडे बोट दाखवले जाते. बाईंनी अशा टोपणनावांची एक वही बनवली आणि ती पूर्ण कोहात उतरवली. प्रशिक्षणात हा विभाग ‘तुम्हाला लागणार नाही’ म्हणून वगळला होता हे नमूद करायला हवे.

वर्गांकाच्या बाबतीत कोहा कोणतीही सक्ती करीत नाही. विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूई पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये येते आणि कथा-कादंबऱ्या ८९१.४६३ मध्ये, सार्वजनिक वाचनालयात निम्मी कपाटे याच एका आकड्याने भरतात. म्हणून आम्ही विषयाच्या ठळक गटांचे जुने मराठी संकेतच चालू ठेवले, आणि प्रणालीने ते निमूटपणे स्वीकारले.

कोहाचे घडणे परदेशी ग्रंथालयांच्या रीतीप्रमाणे झाले आहे हे सर्वांत अधिक जाणवते ते पैशांच्या बाबतीत. कोहात दंडाची व्यवस्था भरपूर आहे, सभासदाचा प्रकार आणि पुस्तकाचा प्रकार यांच्या प्रत्येक जोडीसाठी वेगळा नियम लावता येतो. परंतु आपल्याकडची मासिक वर्गणी आणि अनामत या कल्पना प्रणालीला सरळपणे कळत नाहीत. आम्ही शोधलेला मार्ग असा: सभासद प्रकाराची मुदत एक महिना ठेवायची आणि नोंदणी शुल्काच्या जागी वर्गणीची रक्कम घालायची, म्हणजे मुदत वाढवली की तेवढी रक्कम आपोआप नावे पडते. अनामतीसाठी वेगळे शीर्ष करून ती हाताने टाकावी लागते. हा जुगाड चालतो, पण तीन महिन्यांची वर्गणी एकदम भरणाऱ्या सभासदासाठी मुदत तीनदा वाढवावी लागते आणि रांग वाढली की काउंटरवरची मुलगी वैतागते. तिचा वैताग रास्त आहे.

दिवाळी अंकांचेही तसेच. नियतकालिकांसाठी कोहात सिरियल्स हा तगडा विभाग आहे, साप्ताहिक आणि मासिकांचा पुढचा अंक केव्हा यायला हवा ते तो सांगतो आणि न आलेल्या अंकाची आठवण करतो. पण वर्षातून एकदा येणारे, त्यातही काही फक्त दिवाळीलाच निघणारे शंभर-सव्वाशे अंक त्यात घालणे म्हणजे मुंगी मारायला तोफ आणण्यासारखे आहे. आम्ही ‘दिवाळी अंक’ असा स्वतंत्र वस्तुप्रकार केला, प्रत्येक अंक पुस्तकासारखा नोंदवला आणि त्याला चार दिवसांची मुदत दिली. गेल्या दिवाळीत अंक योजनेचे सभासद रोज संध्याकाळी गर्दी करीत होते, आणि कोणता अंक कोणाकडे अडकला आहे हे पहिल्यांदाच एका क्षणात सांगता आले. आरक्षणाची सोयही सभासदांनी भरपूर वापरली.

अहवालांबद्दल मात्र माझी काहीच तक्रार नाही. ग्रंथालय संचालनालयाला द्यायच्या वार्षिक अहवालासाठी भाषावार ग्रंथसंख्या, वर्षभरातली देवघेव, सभासदांचे प्रकार हे आकडे पूर्वी मार्चअखेर रात्री बसून काढावे लागत. कोहामध्ये प्रश्न एकदा एसक्यूएलमध्ये, म्हणजे साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारण्याच्या संगणकीय भाषेत, लिहून जपून ठेवला की पुढे नुसते बटण दाबायचे. एसक्यूएल आम्हाला कोणालाच येत नव्हते. जगभरातील ग्रंथपालांनी लिहून ठेवलेले तयार प्रश्न कोहाच्या विकीवर मिळतात, त्यात आपले संकेत बदलले की काम होते. कोहा आल्यापासून एकदाही बाहेर न गेलेल्या पुस्तकांची यादी जेव्हा काढली, तेव्हा तिची लांबी पाहून खरेदी समिती बराच वेळ गप्प होती. ग्रंथ पडताळणीसाठी पूर्वी वाचनालय पंधरा दिवस बंद ठेवावे लागे. आता कपाटातली पुस्तके बारकोड वाचकाने टिपून ती फाइल चढवली की जागेवर नसलेल्या पुस्तकांची यादी मिळते आणि काम कपाट-कपाट करून चालू दिवसांतही होते.

वीज हा आमच्याकडचा कायमचा विषय आहे. ती गेली की एका वहीत सभासद क्रमांक आणि दाखल क्रमांक लिहून ठेवतो. नंतर नोंद करताना परतीची मागची तारीख घालता येते, त्यामुळे कोणाला नाहक दंड बसत नाही. प्रणाली रोज रात्री नोंदींची एक प्रत काढते, पण ती त्याच यंत्रावर पडून राहते. यंत्रच बिघडले तर ती प्रत काय करणार? आमच्या बाबतीत तेच झाले, आणि सुदैवाने शिपाई दर शनिवारी ती प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवत असल्यामुळे फक्त तीन दिवसांचे काम पुन्हा करावे लागले. फोन न उचलणाऱ्या पुरवठादाराला सोडून दुसऱ्याकडे जाताना हीच प्रत नव्या सर्व्हरवर उघडली आणि वाचनालय दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला चालू झाले.

वाचकांसाठीच्या ऑनलाइन तालिकेला, म्हणजे ओपॅकला, गावात कोणी विचारणार नाही असे आम्हाला वाटले होते. पहिल्या आठवड्यात आलेले पहिले आरक्षण पुण्याहून होते: इथल्या एका ज्येष्ठ सभासदांच्या मुलीने वडिलांच्या खात्यातून त्यांच्यासाठी पुस्तक राखून ठेवले होते आणि वडिलांना फोन करून ‘बाबा, उद्या जाऊन घेऊन या’ एवढेच सांगितले होते.

एक उणीव अजून सुटलेली नाही. पुस्तकाच्या कण्यावर लावायच्या चिठ्ठ्या कोहातून थेट छापण्याची सोय आहे, परंतु देवनागरी जोडाक्षरांसाठी ती भरवशाची नाही. अक्षरे सुटी होऊन छापली जातात. त्यामुळे आम्ही चिठ्ठ्यांची माहिती सीएसव्ही या साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये बाहेर काढतो आणि लिब्रेऑफिस या मोफत लेखन-प्रणालीत मांडून छापतो. हे काम काकांनी आपणहून मागून घेतले आहे. त्यांच्या हातच्या चिठ्ठ्या कार्डांसारख्याच सरळ रेषेत असतात, आणि छापलेला प्रत्येक क्रमांक ते अजूनही हस्तलिखित दाखल नोंदवहीशी ताडून पाहतात.